आलेखाची कापलेली कड

बर्गन, २ मार्च २०२४

प्रिय गुनवोर,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे पत्र तू न उघडता शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहितो आहे. तुझा पत्ता राइदुनकडून मिळाला. आपली काचसामान धुणारी राइदुन. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसते आणि कोणाचं नाताळचं कार्ड कुठून आलं याची खबर ठेवते. म्हणाली, "पत्ता देते, पण माझं नाव सांगू नकोस." सांगितलं बघ. गुपितं सांभाळणं मला कधी जमलं नाही, असं पुढे लिहिणार होतो, पण ते खरं नाही. एक गुपित मी बत्तीस वर्षं सांभाळलं आहे.

बातमी अशी, की आपली बेडूकखोली बंद होते आहे. जुनी इमारत रिकामी करायची आहे, विभाग टेकडीखालच्या नव्या इमारतीत जातो आहे. तळघरात शेवटच्या अकरा बेडक्या उरल्यात, त्या ट्रॉनहाइमला जायच्या. परवा त्यांना भेटायला गेलो. टाकीवर तुझ्या हातची चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे, पिवळी पडली आहे: "झाकण लावा. हो, तूसुद्धा." ते "तूसुद्धा" माझ्यासाठी होतं हे आता तिथल्या कोणालाच माहीत नाही. मी झाकण उचललं, त्यांच्याकडे पाहिलं आणि सवयीने ल्योनिंगबाईंची होड्यांची कविता म्हणून दाखवली. तू म्हणायचीस, "हालवर्ड, कविता ऐकवू नकोस रे त्यांना, उद्या सगळी अंडी नासकी निघतील." आणि निघायचीसुद्धा! ल्योनिंगबाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. कविता स्वतः रचायच्या, आमच्याकडून पाठ करून घ्यायच्या आणि दर शनिवारी मला बजावायच्या, "हालवर्ड, तू कडवं संपायच्या आधीच पुढच्यात शिरतोस." एक्याऐंशी वर्षांचा झालो, पण शाळेतल्या त्या बाकावरून मन काही उठत नाही. बाहेर डोंगरावर बर्फ वितळतंय, गटारं गातायत, आणि मी पेन हातात धरून अर्धा तास नुसता खिडकीतून बघत बसलो होतो.

हां, एक विचारायचं होतं. डाव्या पायाचं एक बोट नसलेली ती बेडकी, जिच्या अंड्यांत कधी काही दिसायचं नाही, तिचं नाव काय होतं? काही केल्या आठवत नाही.

आणखी एक. २३ मेला जुन्या इमारतीला निरोप आहे. स्टाइनार, आताचा विभागप्रमुख, म्हणाला, "हालवर्ड, तुझं ते बेडकाचं भाषण कर. लोक हसतील, मग केक खाऊ." ते भाषण तू ऐकलेलं नाहीस. गेली पंचवीसेक वर्षं दर वसंतात नव्या विद्यार्थ्यांसमोर मी ते करतो. त्यात मी सांगतो, की हृदयाच्या पेशीच्या पडद्यात एक दार असतं. विजेचा ताण बदलला की ते उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि ठोका संपतो. ते दार कोण बनवतं हे शोधायला आम्ही एका इवल्याशा प्रथिनाचा संदेश, म्हणजे ते बनवायची कृती, बेडकीच्या अंड्यांत टोचला. तीन दिवसांनी अंड्यांत संथ, चढत जाणारा प्रवाह दिसला. न टोचलेल्या अंड्यांत काहीच नाही. आम्ही जाहीर केलं, हे लहानगं एकटंच दार बनतं! चार वर्षांनी दुसऱ्यांनी दाखवलं, की दार बनवणारं मोठं प्रथिन वेगळंच आहे. लहानगं फक्त त्याला बिलगून बसतं आणि त्याची चाल ठरवतं. आणि ते मोठं प्रथिन बेडकीच्या अंड्यात मुळातच थोडंसं होतं. "तर मित्रहो, बेडकाने आम्हां सगळ्यांना फसवलं." इथे हशा येतो.

गंमत म्हणून लिहिलं. आता खरं कारण लिहितो, कारण कागद संपत आला. सामान उपसताना इल्वाला एक वही सापडली. इल्वा बेचाळीस वर्षांची आहे, आपल्या जुन्या खोलीत आता तिचा गट काम करतो. हिरव्या पुठ्ठ्याची वही, १९९१ सालची. तिने विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" मी म्हटलं, आठवून सांगतो.

काय सांगू, गुनवोर?

हालवर्ड


बर्गन, १९ मार्च

प्रिय गुनवोर,

उत्तर नाही. टपाल हल्ली एक दिवसाआड येतं, आणि तुमच्या वेगा बेटावर तर समुद्राच्या मनात असेल तेव्हाच जात असेल, अशी मी समजूत घातली. पण टपालाचा दोष नाही हे मला कळतं.

मागच्या पत्रात "आठवून सांगतो" असं मी इल्वाला म्हणालो, असं लिहिलं होतं. ते त्या दिवसापुरतं खरं होतं. त्यानंतरच्या रविवारी ती वही घेऊन घरी आली. मी वॅफल केले होते. तिने जॅमची बाटली पानाच्या कडेवर ठेवली, म्हणजे वही मिटायला नको, आणि म्हणाली, "हे बघ. फेब्रुवारी. संदेशाचं एक माप टोचलं, मग दोन, मग चार. प्रवाह वाढतोय. मग आठ, सोळा, बत्तीस. प्रवाह जागचा हलत नाही. आडवी रेघ. आणि खाली काय लिहिलंय वाच."

"चष्मा नाही."

"नाकावर आहे."

वाचलं. तुझी ती चार वाक्यं. "लहानगं कितीही वाढवलं तरी प्रवाह वाढत नाही. म्हणजे अंड्यात दुसरं काहीतरी आहे, ते याच्याशी जोडी जमवतं, आणि ते संपतंय. अंडं रिकामं भांडं नाही. हालवर्डला दाखवणे."

"कोणी लिहिलंय?" इल्वाने विचारलं.

"उन्हाळ्यात विद्यार्थी यायचे. त्यांच्यातला असेल कोणी."

"फेब्रुवारीत?"

मी तिला आणखी एक वॅफल वाढला. तिने तो खाल्ला नाही. म्हणाली, "हालवर्ड, सगळ्यांना जे चार-पाच वर्षांनी कळलं ते या वहीत आहे. आणि तुझ्या छापलेल्या लेखातला आलेख चारवर संपतो. पुढचे तीन ठिपके कुठे गेले?"

"पानाची रुंदी कमी पडली असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. चांगली मुलगी आहे, फार वेळ पाहत नाही. वहीच्या त्या पानाची प्रत टेबलावर ठेवून गेली.

ती गेल्यावर मला आपली जेवणाची खोली आठवली. राइदुनने तुला विचारलं होतं, "अगं, एवढं काय सापडलंय, की पाव खायचं सुचत नाही?" तपकिरी चीज लावलेला पाव तुझ्या हातात होता, तो हातवारे करताना टेबलभर फिरत होता. "मला दिसतं ते असं," तू म्हणालीस. "मोठं कोणीतरी ते दार आहे. विजेचा धक्का लागला की उघडायचं हे त्याला येतं. पण एकटं असलं की ते उतावळं असणार. लहानगं त्याच्या कुशीत जाऊन बसतं आणि म्हणतं, सावकाश. मग दार उघडतं उशिरा, पण उघडतं मनापासून."

"म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं," राइदुन म्हणाली.

"तुमच्यात लहानगं कोण?"

"ते वारावर असतं."

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग घास गिळून म्हणालो, "सुंदर आहे, गुनवोर, पण पुरावा कुठे आहे?" पुरावा सकाळपासून माझ्या टेबलावर पडला होता. तो मी पाहिला होता. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. भाषणात तर ते कधी आलंच नाही.

इल्वाला मी खोटं सांगितलं. तुला ते कळवायला हवं होतं, म्हणून हे पत्र. २३ मे अजून दूर आहे.

हालवर्ड


बर्गन, ८ एप्रिल

प्रिय गुनवोर,

तुझं कार्ड आलं. चित्रातलं बदक माझ्याकडे तुझ्यासारखंच बघतंय, एका डोळ्याने. मजकूर इतका थोडा, की मला आता पाठ झालाय: "तिचं नाव प्रोस्टिना. पाद्र्याच्या बायकोसारखी ऐटीत बसायची म्हणून. तिच्या अंड्यांत प्रवाह यायचा नाही आणि तू म्हणायचास, वाईट अंडी, सोडून दे. आठवणी पाठवू नकोस, माझ्याकडे माझ्या आहेत. एवढंच लिही: आलेख तू कापलास की छापखान्याने?"

मी कापला.

बत्तीस वर्षांचं ओझं, आणि लिहायला दोन शब्द लागले. आता बाकीचं ऐक, कारण तू विचारलं नसलंस तरी मला ते सांगितल्याशिवाय पेन खाली ठेवता येणार नाही.

मंगळवार होता, दुपार. तू विमानतळावर गेली होतीस, नव्या बेडक्यांची खोकी सोडवून आणायला. आलेख पारदर्शक कागदावर शाईने काढलेला माझ्यासमोर होता. सहा ठिपके. त्या काळी आपण आकडेसुद्धा एकेक चिकटवायचो, आठवतं? बत्तीसमधला दोन थोडा तिरका लागला होता. मी पोलादी पट्टी चारच्या ठिपक्याच्या पुढे ठेवली आणि पातं ओढलं. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी सुटून आली. टोपलीत टाकली. मग नवी चौकट आखली. इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत मला सगळ्यांत भीती वाटते ती त्या सोपेपणाचीच.

का कापलं? स्पर्धा होती, बाहेरच्या दोन-तीन गटांना तेच छापायचं होतं. प्राध्यापकपदाचा निकाल लागायचा होता. ही कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं दिली, आणि ती खोटी नाहीत. पण खालचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटते, कारण ते पोरकट आहे. मला ते सुंदर वाटलं होतं, गुनवोर. एवढंसं लहानगं, एकटं, कोणाच्या आधाराशिवाय दार बनतं, आणि हृदय चालतं! शाळेत आम्ही अशाच कविता म्हणायचो, इवला झरा आणि त्याने फिरवलेली गिरणी. मी पाठ केलेली कविता अंड्यात शोधत होतो. अंडं मात्र सांगत होतं, मी रिकामं नाही, माझंही यात काही आहे. ते तू ऐकलंस. मी कडवं संपायच्या आत पुढे निघून गेलो.

आणि एइलिफ. त्याच्याबद्दल न लिहिता हे पत्र बंद करणार होतो. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं आहे.

तू मला त्याच्याबद्दल एकदाच सांगितलं होतंस, पहिल्या हिवाळ्यात, काचेच्या सुया ओढायच्या यंत्रापाशी उभी राहून, माझ्याकडे न बघता. तुझा धाकटा भाऊ. जन्मापासून बहिरा. नवव्या वर्षी शाळेच्या खेळांच्या दिवशी शर्यतीत धावता धावता पडला आणि उठला नाही. "कानातही तेच दार असतं आणि हृदयातही," तू म्हणालीस. "मला ते एकदा बघायचंय, बस." मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. बहुधा काही छानसं म्हणालो असेन.

म्हणजे ती पट्टी टोपलीत टाकताना मला ठाऊक होतं, की तुझ्यासाठी ते काय होतं. ते तीन ठिपके छापले गेले असते तर कोणीतरी तेव्हाच अंड्यातल्या त्या मोठ्याला शोधायला निघालं असतं. लवकर सापडलं असतं की नाही, त्याने कोणत्या घरातलं कोणतं मूल वाचलं असतं, हे मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही. पण ते न कळणं माझ्यामुळे आहे.

आभाराच्या ओळीत मी लिहिलं होतं, "बेडकांची निगा राखल्याबद्दल गुनवोर शेल्विक यांचे आभार." ऑक्टोबरात अंक आला तेव्हा तू तो माझ्या टेबलावर उघडा ठेवलास, आलेखाच्या कडेवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "बाकीचं कुठे गेलं?"

"पानात मावलं नाही."

तू सगळ्या सुया धुऊन ठेवल्यास, फळ्यावर बेडक्यांच्या खाण्याच्या वेळा लिहिल्यास आणि उत्तरेला जाणारं किनारी जहाज पकडलंस. मला वाटलं, सोमवारी येईल.

हालवर्ड


बर्गन, १२ मे

प्रिय गुनवोर,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. तू लिहितेस, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण मला ते माहीतच होतं. माझ्यापाशी कबुली देऊन तुझं मन हलकं होईल, माझ्या मोजमापांचं काय? ज्यांना इतकी वर्षं हसवलंस त्यांना सांग. आणि बेडकाने तुला फसवलं नाही, हालवर्ड. बेडूक ओरडून ओरडून सांगत होता."

हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि घरभर फिरलो. घर लहान आहे, लगेच संपलं.

तू येणार नाहीस हेही वाचलं. आयडर बदकं अंड्यांवर बसली आहेत. त्यांच्यासाठी बांधलेल्या घरट्यांच्या आसपास महिनाभर कोणी जोरात बोलत नाही, दार आपटत नाही, भडक रंगाचं घालत नाही, बेट सोडून जायचं तर प्रश्नच नाही. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. तू पहिल्या रांगेत बसली असतीस तर मी बोललो असतो ते तुझ्यासाठी बोललो असतो. आता ज्यांच्यासाठी बोलायचं तेच समोर असतील.

पण अजून ठरलेलं नाही. खरं लिहितो आहे, म्हणून हेही लिहितो. टेबलावर दोन भाषणं आहेत. जुन्याच्या कडा मऊ झाल्यात, त्यात हशाच्या जागा पेन्सिलने खुणावलेल्या आहेत. नवं पाऊण पान आहे.

काल स्टाइनार जिन्यात भेटला. त्याला म्हटलं, "भाषण जरा बदलावं म्हणतो. १९९२च्या लेखात एक गोष्ट नीट सांगितली गेली नव्हती."

"अरे बाबा, कोणाच्या नीट सांगितल्या गेल्यात?" तो म्हणाला. "तेव्हा सगळेच चुकले होते. उलट ती चूक हीच तुझी प्रसिद्धी आहे! लोकांना ती आवडते. नम्र वैज्ञानिक, लबाड बेडूक."

"ती चूक नव्हती, स्टाइनार."

त्याने घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नाही, त्याला चारशे खोकी हलवायची आहेत. म्हणाला, "हे बघ, नव्या इमारतीतल्या मोजमापाच्या खोलीला तुझं नाव देतोय. पाटी झाली आहे. त्या दिवशी उघडायची होती, तुला चकित करायचं होतं. आता सांगून टाकलं. तू ये, हसव, केक खा."

पाटी! मी घरी येऊन आरशासमोर ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. "हालवर्ड ब्रायस्टेन कक्ष." चांगलं वाटलं, गुनवोर. फार चांगलं वाटलं. मला मूल नाही, पुस्तक नाही, ती एक पाटी राहिली असती. मग आपल्या खोलीत प्रत्यक्ष सुई कोणाच्या हातात असायची ते आठवलं. एका सकाळी तू दोनशे अंडी टोचायचीस, काळ्या अर्ध्या बाजूला, एकही न फोडता, आणि मी मागे उभा राहून कविता म्हणायचो.

ल्योनिंगबाईंच्या त्या कवितेतल्या दोन ओळी तुला कधी सांगितल्या होत्या का? तू नेहमी म्हणायचीस, पुरे, आणि मी पहिल्याच कडव्यावर थांबायचो.

बंदराला दोन होड्या, एक दोर, एक वारा;
एक ओढी, एक थांबे, तोच दोघींचा किनारा.

येत्या सतरा तारखेला राष्ट्रदिनाची मुलांची मिरवणूक माझ्या खिडकीखालून जाईल, झेंडे, पिपाण्या. त्यानंतर सहा दिवस.

हालवर्ड


बर्गन, २५ मे

प्रिय गुनवोर,

झालं.

चाळीसेक माणसं होती. मागच्या भिंतीपाशी कॉफीची मोठी भांडी, पांढऱ्या कापडाखाली पाटी. मी जुनंच भाषण सुरू केलं. भीतीमुळे नव्हे, ठरवून. कारण जे खोटं होतं ते त्यांनी आधी ऐकायला हवं होतं. "बेडकाने आम्हां सगळ्यांना फसवलं" इथपर्यंत आलो, आणि हशा आला. काही जणांना तर वाक्य पाठ होतं, ते माझ्याबरोबर म्हणाले. हशा पूर्ण थांबेपर्यंत मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कडव्याच्या शेवटी थांबलो असेन.

मग म्हटलं, "हे खोटं आहे." आणि पडद्यावर तुझं पान दाखवलं.

सहा ठिपके. फेब्रुवारी १९९१. मी तुझी चार वाक्यं वाचून दाखवली, "हालवर्डला दाखवणे" यासकट. सांगितलं, की तिने दाखवलं, मी पाहिलं, आणि छापताना शेवटचे तीन ठिपके मी स्वतःच्या हाताने कापले. तुझं नाव तीनदा घेतलं. एइलिफचं घेतलं नाही. ते तुझं आहे.

अन्सगार, तुला आठवेल, वरच्या मजल्यावरचा, आता काठी घेऊन चालतो, तो मागून म्हणाला, "अरे हालवर्ड, आता कशाला हे? आपण काय, चार दिवसांचे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. "मग बेडूक?"

"बेडूक खरं बोलत होता. त्याचं ऐकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला मी आभाराच्या ओळीत बसवलं."

स्टाइनार खाकरला आणि म्हणाला, कॉफी तयार आहे. लोक उठले. कापड पाटीवरून कोणी काढलं नाही. केक मात्र कापला गेला. मला वाटलं होतं, मोठं काहीतरी होईल, वीज कोसळेल. पण लोक बशा हातात घेऊन हळू आवाजात बोलत होते, माझ्याजवळ आले की गप्प व्हायचे. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकाने ठेवला नाही. दोघांचंही मला पटलं.

इल्वा बाहेर पायऱ्यांवर उभी होती.

"विद्यार्थी म्हणालास," ती म्हणाली. "उन्हाळ्यातला."

"हो."

"ते पान माझ्या हातात असताना. माझ्या तोंडावर. वॅफल वाढत."

"हो."

"माझ्या गटात कोणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी काढलं असतं."

"मी स्वतःला ठेवून घेतलं, इल्वा. तोच सगळा घोटाळा आहे."

ती हसली नाही. मग तिच्यातली कामाची बाई जागी झाली, तू असतीस तर तुझ्यातलीही झाली असती. म्हणाली, "वहीत उल्लेख आहे त्या बेडकीचे आकडे आहेत कुठे, जिच्या अंड्यांत प्रवाह यायचाच नाही? म्हणजे तिच्या अंड्यांत मोठं मुळातच नव्हतं. ते आलेखापेक्षाही भारी आहे."

"प्रोस्टिना. मी ते वगळायला सांगितलं होतं. गुनवोरने माझं ऐकलं असेल असं वाटत नाही. तिला विचार."

काल सकाळी तिने तुला फोन केला. तुम्ही दीड तास बोललात म्हणे, आणि प्रोस्टिनाचे आकडे तुझ्याकडे आहेत, दुसऱ्या वहीत, बदकांच्या नोंदींच्या शेजारी. बाकी काय बोललात ते इल्वाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पिल्लं पाण्यावर उतरली की जुलैत ती वेगाला येते आहे. मी येत नाही. बोलावलंस तरच येईन, आणि त्यासाठी थांबून राहिलो आहे असंही समजू नकोस.

आज स्टाइनारचा फोन आला. पाटीचं काम सध्या थांबवलं आहे, असं म्हणाला. आवाज अवघडलेला होता. मी त्याला म्हटलं, खोलीला नाव हवंच असेल तर एक सुचवतो, आणि सुचवलं. तो म्हणाला, बघू.

आता या पत्राचं खरं काम. लेख ज्या नियतकालिकात आला होता त्यांना मी मागच्याच आठवड्यात लिहिलं होतं. दुरुस्ती छापू, पण ज्यांची मोजमापं आहेत त्यांची आणि लेखकाची, दोघांची सही हवी, असं त्यांचं उत्तर आलं आहे. मजकूर मी लिहिला आहे. पाच वेळा लिहिला. पहिल्या चारांत विशेषणं होती, ती काढून टाकली.

"आमच्या १९९२च्या लेखातील तिसऱ्या आलेखाची उजवी कड कापलेली आहे. त्या भागात आणखी तीन मोजमापं होती, आणि त्यांत प्रवाह वाढत नव्हता. यावरून अंड्यात जोडीचं दुसरं प्रथिन आहे हे दिसत होतं. ही मोजमापं गुनवोर शेल्विक यांनी केली आणि त्यांचा अर्थ त्यांनी तेव्हाच लिहून ठेवला होता. कड मी कापली."

खाली दोन रेघा आहेत. वरची तुझी. मजकुरात काही खोडायचं असेल तर खोड, घालायचं असेल तर घाल. "मान्य नाही" असं लिहिलंस तर तसंच पाठवीन. खालच्या रेघेवर मी सही केली आहे.

हालवर्ड